मागे राहिलेल्या भावंडाचे दुःख

गेल्या पावसाळ्यात एक आई तेरा वर्षांच्या मुलाला घेऊन दवाखान्यात आली. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) तीन महिन्यांपासून त्याचे पोट दुखत होते, तेही सकाळी शाळेच्या वेळी. ताप नाही, उलटी नाही, वजनही घटलेले नाही. रक्त, लघवी, सोनोग्राफी, सगळे नॉर्मल. आई म्हणाली, "डॉक्टर, तुम्हीच याला रागवा. रात्री कॉम्प्युटरवर एकच गेम पुन्हा पुन्हा खेळतो आणि रडतो."

त्याचा थोरला भाऊ वर्षापूर्वी मोटारसायकलच्या अपघातात गेला. तेव्हा मी भेटायला गेलो होतो. आईवडिलांशी बोललो आणि निघताना याच्या पाठीवर हात ठेवून म्हणालो, "आता तूच आईला सांभाळायचं." तुला कसं वाटतंय, हे मात्र विचारले नाही.

आईला बाहेर बसवून मी विचारले, "गेम कसला आहे रे?" मग तो सांगू लागला.

गेमचे नाव 'ब्रदर्स : अ टेल ऑफ टू सन्स'. 2013 साली स्वीडनमधील स्टारब्रीझ कंपनीने तो काढला. दिग्दर्शक जोसेफ फारेस मूळचे चित्रपटवाले. आजारी वडिलांसाठी जीवनवृक्षाचे पाणी आणायला निघालेल्या दोन भावांची ही गोष्ट. पात्रांची भाषा काल्पनिक, त्यामुळे इंग्रजीचीही अडचण नाही. खेळणाऱ्याच्या डाव्या हातात थोरला, उजव्या हातात धाकटा. आई बुडून गेलेली, म्हणून धाकटा पाण्याला घाबरतो. थोरल्याच्या पाठीला धरूनच तो पाणी ओलांडतो. शेवटी थोरला मरतो. धाकटा आपल्या हातांनी त्याला पुरतो आणि औषध घेऊन एकटाच परततो. वाटेत पुन्हा पाणी लागते. त्याचे स्वतःचे बटण दाबून तो पुढे जात नाही.

"मग?"

"दादाचं बटण दाबायचं, डॉक्टरकाका. मग त्याला पोहता येतं."

एवढे बोलून तो हुंदके देऊ लागला. थोड्या वेळाने म्हणाला, "त्या दिवशी आमचं भांडण झालं होतं. परत येऊच नकोस, असं मी म्हणालो होतो." वर्षभर हे ओझे त्याने एकट्याने वाहिले होते. अपघात बोलण्याने होत नाही, हे मी त्याला सावकाश समजावले.

वाचकहो, अशी पोटदुखी खोटी नसते. मेंदू आणि आतडी यांचा मज्जातंतूंद्वारे सतत संबंध असतो. मनावर ताण आला की आतड्यांची हालचाल बदलते, वेदना अधिक जाणवतात. मात्र तपासणी न करता 'मनाचे आहे' असे ठरवू नये.

घरात मूल दगावले की सगळे आईवडिलांकडे पाहतात. मागे राहिलेले भावंड गप्प राहते, कारण आपण रडलो तर आई आणखी रडेल, ही त्याला भीती. पाच वर्षांखालील मुलाला मृत्यू कायमचा असतो हे उमगत नाही. 'तो झोपलाय' असे सांगितले तर ते झोपायलाच घाबरू शकते. म्हणून 'तो मेला, आता परत येणार नाही' असे साध्या शब्दांत सांगावे. गेलेल्याचे नाव घरात घ्यावे, फोटो लपवू नयेत, 'तुझी काही चूक नाही' हे न विचारताही सांगावे. रडणाऱ्या आईला मुलाने पाहिले तर बिघडत नाही. 'आता तूच मोठा' हे मात्र टाळावे.

झोप, भूक किंवा शाळा बरेच दिवस बिघडली, तर डॉक्टरांना दाखवावे. 'मलाही दादाकडे जायचंय' असे मूल म्हणाले, तर त्याला एकटे न सोडता त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यावे. सरकारची टेलिमानस सेवा 14416 या क्रमांकावर मोफत आहे.

हा गेम औषध नव्हे. त्यातील काही दृश्ये भीषण आहेत, लहान मुलांच्या हाती तो देऊ नये. या मुलाच्या बाबतीत मात्र आम्ही मोठ्यांनी जे विचारले नाही, ते त्याने बोलते केले.

मी आईला गेम बंद करायला सांगितले नाही. शेजारी बसून एकदा शेवटपर्यंत पाहा, असे सांगितले. त्या रात्री दोघे मिळून रडले. दुसऱ्या दिवशी कपाटातला थोरल्याचा फोटो भिंतीवर आला. मुलाचे पोट अजून कधीतरी दुखते, पण शाळा बुडत नाही.