टाकाऊ लहरींची कमाल

घरात पृथ्वीगोल असेल तर घेऊन बसा. लंडनवर एक बोट ठेवा आणि त्याच्या बरोबर उलट्या बाजूला दुसरं. दुसरं बोट समुद्रात पडलं ना? न्यूझीलंडच्या जवळच! म्हणजे लंडनहून निघालेल्या माणसाला न्यूझीलंडपेक्षा फार लांब जायचं म्हटलं, तरी पृथ्वी पुरायची नाही. शंभर वर्षांपूर्वी आगबोटीनं तिथं पोचायला महिन्याहून जास्त वेळ लागायचा.

१८ ऑक्टोबर १९२४ या दिवशी मात्र या दोन टोकांवरच्या दोघांनी रेडिओवरून घरबसल्या गप्पा मारल्या. अंतर सुमारे १९ हजार किलोमीटर. न्यूझीलंडच्या बाजूला होता शॅग व्हॅलीतला, मेंढ्यांच्या कुरणावर राहणारा फ्रँक बेल. आणि लंडनच्या बाजूला? मिल हिल शाळेतला १८ वर्षांचा विद्यार्थी, सेसिल गॉयडर. हो, विद्यार्थी! यंत्रही शाळेतच मांडलेलं.

गप्पा म्हणजे तोंडानं नव्हेत हं. मोर्सच्या लिपीत एकेक अक्षर कट्ट-कडकट्ट करत पाठवायचं आणि कानाला हेडफोन लावून उत्तराची वाट बघायची.

आता खरी गंमत ऐका. या पठ्ठ्यांनी वापरलेल्या लहरी मोठ्या माणसांनी चक्क टाकून दिलेल्या होत्या! त्या काळी सगळ्यांची समजूत अशी की लहर जितकी लांब, तितका संदेश दूर जाणार. म्हणून मोठ्या कंपन्या आणि आरमारं शेकडो, हजारो मीटर लांबीच्या लहरी वापरत, त्यासाठी उंचच उंच मनोरे उभारत. घरी यंत्रं जुळवून आवडीखातर संदेश पाठवणारी हौशी मंडळी त्यांना नकोशी व्हायची, कारण त्यांच्या खटपटीमुळे जहाजांच्या संदेशांत खरखर यायची. शेवटी १९१२ साली अमेरिकेत कायदाच झाला: हौशी लोकांनी २०० मीटर आणि त्याखालच्या लहरींवरच काय ते खेळावं. तिथून आवाज जाऊन जाणार किती लांब?

हौशी मंडळी कसली ऐकतात! १९२१ च्या अखेरीस त्यांनी पॉल गॉडली नावाच्या आपल्या एका गड्याला अमेरिकेहून थेट स्कॉटलंडला धाडलं. अरड्रॉसन गावाजवळ समुद्रकाठी, कडाक्याच्या थंडीत, तंबू ठोकून तो ऐकत बसला. आणि अटलांटिकपलीकडच्या हौशी केंद्रांचे संदेश त्याला एकामागून एक ऐकू आले. दोन वर्षांनी फ्रान्स आणि अमेरिकेतल्या हौशी लोकांनी एकमेकांना उत्तरंही दिली. मग आली बेल आणि गॉयडरची पाळी.

पण पृथ्वी तर गोल, आणि लहरी धावतात सरळ. मग त्या पलीकडे गेल्या कशा? आपल्या डोक्यावर साठ-सत्तर किलोमीटरच्या वर सूर्यकिरण विरळ हवेतल्या कणांचे इलेक्ट्रॉन सुटे करतात. अशा हवेच्या थरांना म्हणतात आयनांबर. या आखूड लहरी, म्हणजेच लघुलहरी, तिथून वळून खाली येतात, जमिनीवर किंवा समुद्रावर आपटून पुन्हा वर जातात. छत आणि फरशी यांच्यात रबरी चेंडू टप्पे खात जावा, तशा त्या पृथ्वीला वळसा घालतात. असा थर असावा, हा अंदाज १९०२ मध्येच मांडला गेला होता. तो खरंच आहे, हे एडवर्ड ॲपलटन यांनी प्रयोगानं दाखवलं १९२४ च्या डिसेंबरात, म्हणजे आपल्या शाळकरी पोरानं तो वापरून झाल्यावर! ॲपलटनना पुढे, १९४७ साली, नोबेल मिळालं.

फ्रँकनं नंतर लक्ष शेतीकडे वळवलं आणि त्याची बहीण ब्रेंडा हिनं त्याचं रेडिओ केंद्र हातात घेतलं. ती न्यूझीलंडची पहिली महिला रेडिओ हॅम. (हॅम म्हणजे हीच हौशी रेडिओ मंडळी.) दक्षिण आफ्रिकेशी रेडिओवरून बोलणारी तिच्या देशातली पहिली व्यक्तीही तीच. मला विचाराल तर या गोष्टीत तिचं नाव फारच कमी घेतलं जातं.

आणि गॉयडर? तो १९३६ साली आपल्याकडे आला, ऑल इंडिया रेडिओचा, म्हणजे आजच्या आकाशवाणीचा, मुख्य अभियंता होऊन. एवढा अफाट देश, मूठभर केंद्रं, आवाज पोचवायचा कसा? गॉयडरसाहेबांनी आपल्या जुन्या मैत्रिणींनाच, लघुलहरींना, कामाला लावलं. १९३८ मध्ये मुंबई केंद्रही लघुलहरींवरून बोलू लागलं.

तुम्हालाही हॅम व्हायचंय? भारतात बारा वर्षं पूर्ण झाली की परवान्याची परीक्षा देता येते. मोर्स आत्तापासून गिरवायला लागा.