जुन्या डेकला बिनवायरची गाणी

मुलुंड असो नाहीतर बोरिवली, जुन्या सोसायटीतल्या एखाद्या तरी घरी शोकेसमध्ये किंवा माळ्यावर म्युझिक सिस्टिम सापडतेच. नव्वदच्या दशकात हौसेनं घेतलेली, दोन भलेमोठे स्पीकर, डबल कॅसेट डेक, वरखाली नाचणारे दिवे. आता कॅसेटचे बेल्ट सैल झालेत, सीडीची लेन्स आंधळी झालीय, म्हणून दिवाळीच्या साफसफाईत ती भंगारवाल्याकडे निघते. मित्रांनो, त्याला जिन्यातच थांबवा! बिघडलेत ते फिरणारे भाग. ॲम्प्लिफायर आणि स्पीकर बहुधा ठणठणीत असतात, आणि खरा आवाज तर त्यांचाच. होस्टेलच्या टेबलावरच्या मुठीएवढ्या ब्लूटूथ डबीतून तसा बास निघणं कठीण, कारण खर्जासाठी भरपूर हवा हलवावी लागते आणि त्याला मोठा कोनच लागतो.

मी हा उद्योग मुलुंडला मामाकडे केला. कारण आजी. तिला सकाळी विविध भारतीवरची जुनी गाणी हवी असतात आणि फोनच्या स्पीकरवर तिला शब्द लागत नाहीत. "नुसतं किरकिरतं रे त्यात," हे तिचं मत. (ऑडिओच्या लेक्चरमध्ये फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्सची याहून सोपी व्याख्या मी ऐकलेली नाही.)

आधी सिस्टिम फिरवून पाठ बघा. लाल-पांढऱ्या गोल भोकांची जोडी दिसेल. लाल उजवा चॅनल, पांढरा (कधी काळा) डावा. त्यावर ऑक्स, लाइन इन, सीडी किंवा टेप इन यातलं काहीही लिहिलेलं असेल तर काम झालं. ही सगळी भोकं साधारण एक-दोन व्होल्टपर्यंतचा सिग्नल घेतात आणि ब्लूटूथ रिसीव्हर तेवढाच देतो. फक्त 'फोनो' असं लिहिलेल्या भोकात फोन लावू नका! ते रेकॉर्ड प्लेअरसाठी असतं. तिथली सुई जेमतेम काही मिलिव्होल्ट देते, म्हणून आतलं सर्किट सिग्नल शेकडो पट वाढवतं, वर खर्ज उचलतं आणि तार स्वर दाबतं, कारण रेकॉर्ड कापताना नेमकं उलट केलेलं असतं. त्यात रिसीव्हर जोडलात तर गाण्याऐवजी फाटका ढोल ऐकू येईल. स्पीकरच्या वायरी जिथे लागतात तिथेही काही खुपसायचं नाही. ते आउटपुट आहे.

काही जुन्या सेटना लाल-पांढरं काहीच नसतं, पाच पिनांचं गोल डिन सॉकेट असतं. टेपच्या डिन सॉकेटमध्ये २ नंबर ग्राउंड, ३ आणि ५ वर आवाज आत जातो. तयार वायर लॅमिंग्टन रोडला शोधा, नाहीतर लॅबमध्ये सोल्डर करा. ज्यांना कुठलंच इनपुट नाही अशा अगदी जुन्या रेडिओच्या पोटात मात्र हात घालू नका. ट्रान्सफॉर्मर नसलेल्या काही व्हॉल्व्ह सेटची चॅसी थेट मेन्सला जोडलेली असते.

आता हवेतून गाणं आणायचं कसं? ब्लूटूथचा रिसीव्हर काही शे रुपयांत मिळतो. ५ व्होल्ट द्या, साडेतीन मिलिमीटर जॅक ते लाल-पांढरी वायर लावा, फोनशी पेअर करा. फोन गाणं पिळून पाठवतो: सीडीवर सेकंदाला सुमारे १४११ किलोबिट असतात, तर ब्लूटूथची नेहमीची एसबीसी पद्धत चांगल्यात चांगल्या सेटिंगला सुमारे ३२८ वर भागवते. आजीला काय, मलाही फरक सांगता आला नाही. खरी अडचण वेगळीच. मामाचा फोन वाजला की गाणं बंद, मामा खाली दूध आणायला गेला की गाणं त्याच्यामागे जिन्यात!

वाय-फायच्या यंत्रात ही भानगड नाही. तिथे फोन बहुतेक वेळा फक्त पत्ता सांगतो, गाणं यंत्र स्वतः इंटरनेटवरून ओढतं. ॲपलनं २००४ मध्ये एअरपोर्ट एक्सप्रेसमधून घरच्या स्टिरिओला वाय-फायवर गाणी पोचवायला सुरुवात केली (तिथे मात्र गाणं कॉम्प्युटरकडून यायचं). गुगलचं क्रोमकास्ट ऑडिओ २०१५ मध्ये आलं आणि २०१९ मध्ये त्याचं उत्पादन थांबलं. अशी यंत्रं आजही मिळतात, पण ब्लूटूथच्या कित्येक पट महाग. आम्ही कपाटातला जुना फोन काढला, चार्जरला लावून सिस्टिमशेजारी कायमचा बसवला, त्यात फक्त न्यूज ऑन एअर ठेवलं. सिमच नाही, त्यामुळे कॉल येणार कुठून?

गाणं लागलं, पण मागे बारीक 'घूंऽऽ'. हा ५० हर्ट्झचा, आपल्या मेन्सचा सूर. शेजारच्या काकांनी लगेच तोडगा सांगितला: ॲम्पच्या थ्री-पिनमधली जाडी पिन काढून टाक. होस्टेलवरही हे शहाणपण फार चालतं. आवाज जाईलही, पण आत एखादी वायर सुटून धातूच्या पेटीला टेकली तर करंटला जमिनीत जायला वाट उरणार नाही, तो वाट बघेल व्हॉल्यूम फिरवणाऱ्या हाताची. आणि तो हात आजीचा, जुलैच्या ओलीत!

म्हणून आधी कारण शोधलं. रिसीव्हरला ५ व्होल्ट टीव्हीच्या यूएसबीतून दिले होते. टीव्हीला केबलची वायर, तिचं अर्थिंग इमारतीत दुसरीकडे कुठेतरी. ॲम्पचं अर्थिंग घरातलं. रिसीव्हरच्या ग्राउंडमुळे दोन्ही जोडली गेली आणि त्या गोलात मेन्सचा करंट फिरू लागला. रिसीव्हर पॉवर बँकवर लावला, घूं गायब. मग त्याला टू-पिनचा वेगळा चार्जर दिला. चार्जरच किरकिरत असेल तर दुसरा लावून बघा, आणि तरीही आवाज राहिला तर मध्ये छोटा ग्राउंड लूप आयसोलेटर टाका. जाड्या पिनला हात नाही लावायचा.

व्हॉल्यूम दोन ठिकाणी असतो. फोनचा जवळजवळ पूर्ण ठेवा आणि कमीजास्त ॲम्पवर करा. उलट केलंत तर ॲम्प गाण्याबरोबर खरखरही मोठी करतो. आजीला एवढंच शिकवलं, मोठं बटण फिरव. ती फिरवते. फक्त स्वयंपाकघरातला रेडिओ त्याच वेळी चालू असला की चिडते, कारण नेटवरचं गाणं काही सेकंद मागून येतं आणि तोच गायक घरात दोनदा गातो. विविध भारतीचं केंद्र तिकडे बोरिवलीला, पण गाणं मुलुंडला येतं ते सर्व्हर फिरून. यावर इलाज नाही, एक रेडिओ बंद करायचा. कोणता, यावर मामी आणि आजीची बोलणी चालू आहेत.