तुमच्या ग्लासात कुठला शब्द आहे?

फ्रेशर्स पार्टी असो की थर्टी फर्स्ट, एका कोपऱ्यात फ्रूट पंच असतोच. तुम्ही ग्लास उचलता, सेल्फी काढता, पिऊन मोकळे होता. पण या 'पंच'चा बुक्क्याशी काही संबंध नाही बरं का! तो बहुधा आपल्या 'पाच'वरून आलाय.

ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर १६७०च्या दशकात आपल्या किनाऱ्यावर फिरत होता. १६९८ साली छापलेल्या त्याच्या पुस्तकात गोव्यातल्या नेरुळच्या दारूचा उल्लेख आहे. (नवी मुंबईकरांनो, तुमचं नेरुळ वेगळं!) त्या दारूपासून इंग्रज मंडळी पाच जिन्नसांचं पेय करायची आणि इथल्या 'पाच'वरूनच त्याला नाव पडलं, असं तो सांगतो. दारू, साखर, लिंबू, पाणी आणि मसाला हे ते पाच, असं साधारण मानलं जातं. आज दारू गेली, फळं आली, नाव मात्र टिकलं.

पन्हं कुठून आलं?

चैत्रात हळदीकुंकवाला कैरीची डाळ आणि पन्हं हवंच. हे पन्हं आलं संस्कृत 'पानक'वरून. पानक म्हणजे प्यायचा पदार्थ, बस्स! म्हणूनच दक्षिणेत रामनवमीला 'पानकम' मागितलंत तर कैरी मिळणार नाही. गूळ, सुंठ, वेलची घातलेलं पाणी हातात येईल. शब्द एकच, पण प्रत्येक प्रांताने त्यात आपल्या चवीचं काहीतरी मिसळलं.

सरबताची बहीण

'सरबत' मूळचं अरबी. पिणे या अर्थाच्या धातूपासून ते तयार झालं. मोहरमला रस्त्यात प्रेमाने वाटतात ते सरबत आणि घरात जिचं नावही काढायचं नाही ती शराब, या दोघी सख्ख्या बहिणी! खोकल्याच्या औषधाचं 'सिरप'सुद्धा याच घरातलं, युरोप फिरून आपल्याकडे परत आलेलं.

खीर आणि शीर

ईदला मित्राकडे वाटीला तोंड लावून शीरखुर्मा पिता ना? फारसीत शीर म्हणजे दूध आणि खुर्मा म्हणजे खजूर. आता संस्कृतकडे या. दूध म्हणजे क्षीर आणि त्यावरून झाली आपली खीर. क्षीर आणि शीर हे एकाच भाषाकुळातले शब्द. म्हणजे सणाची खीर आणि ईदचा शीरखुर्मा नात्याने चुलत भावंडं. भांडणाऱ्यांना हे कुणीतरी सांगायला हवं.

आता मुद्द्याचं. कॅफेच्या मेन्यूत हल्ली पन्ह्याच्या जागी 'रॉ मँगो कूलर' दिसतं. कूलर म्हटल्यावर एवढंच कळतं की ते थंड आहे. पन्हं म्हटलं की चैत्र, चैत्रगौर, भिजवलेले हरभरे आणि पातेल्यात उकडलेल्या कैऱ्या असं सगळंच डोळ्यांसमोर येतं. शब्द कुणी बंदी घालून मारत नाही, आपण तो वापरायचं थांबवतो आणि तो गुपचूप निघून जातो.

म्हणून एक करा. घरातल्या मोठ्यांना विचारा, सणाला तुमच्याकडे काय प्यायचे आणि त्याला काय म्हणायचे? फोनमध्ये नोंदवून ठेवा. आणि पुढच्या वेळी कॅफेत बिनधास्त विचारा, "पन्हं आहे का?" नाही म्हणाले तरी चालेल. शब्द तर काउंटरपर्यंत पोचेल!