दूर बसलेल्यांचा वर्ग

संगणकावर चालणाऱ्या असंख्य प्रोग्रॅमांपैकीं पुष्कळसे असे आहेत कीं, त्यांची घडण कोणाच्याहि कुलुपांत ठेवलेली नाहीं. ते कसे लिहिले आहेत हें कोणालाहि वाचतां येतें, त्यांत फेरफार करतां येतो आणि सुधारलेली प्रत दुसऱ्यास देतांहि येते. अशा सॉफ्टवेअरला ‘ओपन सोर्स’ अथवा मुक्तस्रोत म्हणतात. अमेरिकेंत रिचर्ड स्टॉलमन यांनीं १९८३ सालीं ‘ग्नू’ या योजनेची घोषणा केली. १९९१ सालीं हेलसिंकी येथील लिनस टॉर्व्हाल्ड्स या विद्यार्थ्यानें ‘लिनक्स’ लोकांपुढें ठेवलें. आणि आज आपल्या खिशांतील अँड्रॉइड फोनसुद्धां त्या लिनक्सच्याच पायावर उभा आहे. परंतु हें सॉफ्टवेअर हा माझा आजचा विषय नव्हे. तें घडविणारीं माणसें, जगाच्या चार कोपऱ्यांत बसून, एकमेकांस प्रत्यक्ष न भेटतां, नवीन माणसांना तयार कशीं करतात, हा आहे. मी मॅट्रिक झालेला एक सेवानिवृत्त शाळामास्तर. प्रोग्रॅम लिहिणें हें माझें काम नव्हे. परंतु वर्ग चालविणें म्हणजे काय हें थोडेंबहुत जाणतों, आणि त्याच दृष्टीनें या गोष्टीकडे पाहतों.

ज्याला येत असेल त्यानें करावें, शिकविण्याचा खटाटोप कशाला, असें कोणी म्हणेल. त्याचें उत्तर २०२४ च्या मार्च महिन्यांत मिळालें. ‘एक्सझेड’ नांवाचें, फाइली दाबून लहान करणारें एक साधन आहे. लिनक्सच्या बहुतेक संगणकांवर तें असतें. पण त्याची निगा वर्षानुवर्षें मुख्यतः एकच गृहस्थ, फावल्या वेळांत आणि बिनमोल, राखीत होते. या थकलेल्या माणसाच्या मदतीस टोपणनांवानें कोणी एक इसम आला. त्यानें दोन वर्षांहून अधिक काळ चांगलें काम करून विश्वास संपादिला आणि शेवटीं आंत चोरदरवाजा बसविला. एका जागरूक अभियंत्यास आपल्या संगणकावर प्रवेश मिळण्यास सुमारें अर्धा सेकंद अधिक लागतो असें दिसलें, त्यानें शोध घेतला आणि तें कारस्थान उघडकीस आलें. अर्ध्या सेकंदानें अनर्थ टळला! जेथें राखणदार एकच असतो, तेथें आलेल्या कोणत्याहि हाताला ‘नको’ म्हणणें जड जातें. चार ठिकाणीं, उघड्यावर, दहाजणांच्या देखत तयार झालेले हात असतील, तर हा प्रसंग येण्याचा संभव कमी. शिक्षणाची ही निकड परोपकारापेक्षां स्वसंरक्षणाचीच अधिक आहे.

आतां हें शिक्षण द्यावयाचें कसें? संगणकावरील काम हें पोहण्यासारखें आहे. नुसतें ऐकून तें येत नाहीं. १९९८ सालीं ग्रेग विल्सन आणि ब्रेंट गोर्डा यांनीं अमेरिकेंतील लॉस अ‍ॅलॅमॉस येथील राष्ट्रीय प्रयोगशाळेंत शास्त्रज्ञांसाठीं जे वर्ग सुरू केले, त्यांतूनच पुढें ‘द कार्पेन्ट्रीज’ ही संस्था २०१८ सालीं उभी राहिली. तिची रीत मला फार आवडते. शिक्षक तयार चित्रें दाखवीत नाहीं. सर्वांच्या देखत एक एक ओळ स्वतः लिहितो, आणि विद्यार्थी तीच ओळ आपापल्या यंत्रावर लिहितात. शिक्षकाच्या हातून चूक झाली, तर ती तो सर्वांसमक्षच दुरुस्त करतो. चूक कशी शोधावी हा धडा त्यामुळें आपोआप मिळतो. प्रत्येकापाशीं दोन रंगांच्या चिकट चिठ्ठ्या असतात. एक यंत्रावर लावली म्हणजे ‘माझें ठीक चाललें आहे’, दुसरी लावली म्हणजे ‘मी अडलों आहें’. मोठ्यानें बोलण्यास लाजणारा माणूसहि चिठ्ठी लावण्यास लाजत नाहीं. साहाय्यक ती पाहून निमूटपणें त्याच्याजवळ जातो आणि वर्ग थांबत नाहीं.

२०२० सालीं साथीमुळें हे वर्ग पडद्यावर आले आणि पहिली अडचण याच चिठ्ठीची पडली. शाळेंत मुलाच्या कपाळावरील आठी मास्तराला शेवटच्या बाकावरूनहि दिसते. पडद्यावर चौकोनाचौकोनांत नांवें तेवढीं दिसतात; बहुतेकांचे कॅमेरे बंद, आवाज बंद. ज्याला समजलें तोहि गप्प, ज्याला समजलें नाहीं तोहि गप्प. असा अडलेला माणूस भांडत नाहीं, तक्रार करीत नाहीं. तो हळूच निघून जातो आणि पुन्हां येत नाहीं. आपण एक माणूस गमावला, हें शिकविणाऱ्याच्या ध्यानींहि येत नाहीं.

यावर ज्या युक्त्या निघाल्या त्या साध्या आहेत. चिठ्ठीच्या जागीं पडद्यावरील बरोबरची वा चुकीची खूण आली. सर्वांनीं मिळून लिहावयाची एक सामाईक वही उघडी ठेवतात; तींत टिपणें असतात, आणि न बोलतां प्रश्नहि विचारतां येतात. अडलेल्यास वेगळ्या खोलींत, म्हणजे पडद्यावरच्याच निराळ्या भागांत, नेऊन साहाय्यक त्याची गांठ सोडवितो. शिकविणारा आणि गांठी सोडविणारा हे दोघे निरनिराळेच असावे लागतात. दोन दिवस सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालणारा वर्ग पडद्यापुढें कोणास सोसवत नाहीं, म्हणून अर्ध्या अर्ध्या दिवसाचे चार भाग करणें बरें. सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, लागणारें सॉफ्टवेअर आधींच घरीं बसवून घेण्याच्या सूचना पाठवाव्या, आणि त्या पाळल्या गेल्या कीं नाहींत हें पाहण्यासाठीं आदल्या दिवशीं एक तास राखून ठेवावा. पहिल्या दिवसाचा पहिला तास ‘माझ्याकडे तें उघडतच नाहीं’ यांत गेला, कीं वर्ग मोडलाच म्हणून समजावें.

परंतु ठरलेल्या वेळीं ज्याला बसतांच येत नाहीं, त्याचें काय? आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात वाजतात तेव्हां हिंवाळ्यांत लंडनला दुपारचे दोन, न्यूयॉर्कला सकाळचे नऊ आणि टोकियोला रात्रीचे साडेअकरा नव्हे, तर अकरा वाजलेले असतात. या अर्ध्या तासाच्या घोळानें पुष्कळांची भेट चुकते. शिवाय कोणाकडे वीज नाहीं, कोणाकडे इंटरनेट मंद. अशांसाठीं मुंबईसच पवई येथील आय. आय. टी. मध्यें फार विचारपूर्वक एक योजना झाली आहे. प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांच्या नेतृत्वाखालीं, केंद्र सरकारच्या शिक्षणविषयक राष्ट्रीय मोहिमेच्या साहाय्यानें उभी राहिलेली ही ‘स्पोकन ट्युटोरियल’ योजना होय. लिनक्स, लिबरऑफिस, पायथन, सायलॅब इत्यादि मुक्तस्रोत साधनांवर सुमारें दहा दहा मिनिटांचे पाठ तींत केलेले आहेत. पडद्यावर सॉफ्टवेअर चालतें आणि मागून आवाज समजावून सांगतो. विद्यार्थ्यानें पाठाची खिडकी लहान करून एका बाजूस ठेवावयाची, दुसऱ्या बाजूस तेंच सॉफ्टवेअर उघडावयाचें, आणि ऐकत ऐकत स्वतः करावयाचें. समजलें नाहीं तर पाठ थांबवावा, मागें न्यावा. मास्तर दहादां तेंच सांगतो आणि कधीं चिडत नाहीं, हा गुण आम्हां हाडामांसाच्या मास्तरांत विरळाच!

या पाठांची सिद्धता पाहण्यासारखी आहे. प्रथम दोन रकान्यांचें हस्तलिखित तयार होतें. एकांत पडद्यावर काय दिसावें, दुसऱ्यांत काय बोलावें. तें हस्तलिखित, ज्याला तें सॉफ्टवेअर मुळींच येत नाहीं अशा नवख्याकडून तपासून घेतात. तो जेथें अडेल, तेथें दोष लेखकाचा. आमच्या पाठ्यपुस्तकांना ही कसोटी कोणी लावली असती, तर किती मुलांचे अश्रु वांचले असते!

त्यानंतर पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत येतो. पण बदलतो तो केवळ आवाज, पडदा इंग्रजीच राहतो. यावर आक्षेप घेणारे भाषाभिमानी मला भेटले आहेत. मला ही योजनाच योग्य वाटते. उद्यां नोकरींत त्याच इंग्रजी पडद्यापुढें विद्यार्थ्यास बसावयाचें आहे. समजूत मातृभाषेंत मिळावी आणि ओळख खऱ्या पडद्याची व्हावी. ‘फाइल’ला हट्टानें ‘संचिका’ म्हणून त्याची सोय होत नाहीं. भाषांतरकाराची कसरत निराळीच. मराठी वाक्य लांबलें, तर पडद्यावरील बाण पुढें निघून जातो आणि आवाज मागें राहतो. म्हणून मिनिटें व सेकंद मोजून वाक्यें छाटावीं लागतात. हे पाठ उतरवून घेतां येतात, त्यामुळें इंटरनेट नसलेल्या खोलींतहि ते चालतात. शंका विचारतांना पाठांतील कितव्या मिनिटाला आणि कितव्या सेकंदाला अडलें, तें लिहावयाचें असतें. ‘मला कांहींच समजलें नाहीं’ या वाक्यानें विद्यार्थी व शिक्षक दोघेहि हतबल होतात. ‘चौथ्या मिनिटाला अडलों’ म्हटलें कीं उत्तर देतां येतें.

तरीहि एकट्यानें पाठ ऐकणें ही एकलकोंडी विद्या आहे, आणि तिचा उत्साह फार दिवस टिकत नाहीं. म्हणून दोन्ही रीतींची सांगड घालावी असें माझें मत आहे: पाठ आपल्या वेळीं घरीं ऐकावे, आणि आठवड्यांतून एकदां सर्वांनीं ठराविक घटकेला जमून अडलेलें तेवढें सोडवावें. वर्गांत कोणी कोणाचा उपहास करूं नये यासाठीं वर्तनाचे नियम आरंभींच वाचून दाखवावे, आणि ते मोडल्यास कोणाकडे सांगावें तेंहि नांवानिशीं सांगावें.

वर्ग संपल्यावरचा आठवडा मात्र बहुतेक आयोजक विसरतात. पुष्कळ मुक्तस्रोत प्रकल्पांत नवख्यांना झेपतील अशीं कामें खूण करून वेगळीं ठेवलेलीं असतात. एकाद्या सूचनेंतील अशुद्ध शब्द सुधारणें, मराठी भाषांतरांतील राहिलेलें वाक्य पुरें करणें, अशा जातीचीं. नवख्यानें भीत भीत असें पहिलें काम पाठवावें आणि महिनाभर कोणी त्याकडे पाहूंच नये, हें वरचेवर घडतें. तेव्हां वर्गाची तारीख ठरविण्यापूर्वीं आयोजकानें दोन-तीन जुन्या जाणत्यांकडून कबुली घ्यावी कीं, वर्गानंतरचे पंधरा दिवस आलेल्या प्रत्येक कामास ते दोन दिवसांच्या आंत उत्तर देतील. काम नाकारावयाचें असलें, तरी कारण लिहून.