आणंदला राहायचंच नव्हतं त्यांना!

सकाळी हातकणंगल्यात कुठल्याही दूध संस्थेच्या दारात जाऊन बघा. किटल्या, बरण्या घेऊन बायका रांगेत उभ्या असतात. दूध मापात ओतलं, नमुना तपासला, फॅट लागली की आकडा हातात आणि दहा दिवसांनी बिल! हे इतकं अंगवळणी पडलंय की त्यात काही नवल वाटत नाही. पण सहकाराचा धडा शिकवताना वर्गातल्या एका मुलीनं विचारलं, “बाई, हे सगळं सुरू कुणी केलं?”

एकट्यानं कुणीच नाही, हे खरं. पण डॉ. वर्गीस कुरियन यांचं नाव घेतल्याशिवाय ही गोष्ट सांगता येत नाही.

गंमत अशी, की या माणसाला दुधात मुळीच रस नव्हता. जन्म २६ नोव्हेंबर १९२१चा, केरळात कालिकतला. शिक्षण इंजिनिअरिंगचं. सरकारी शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेले, आणि त्या शिष्यवृत्तीच्या करारापायी १९४९च्या मे महिन्यात गुजरातेतल्या आणंदच्या सरकारी लोणी कारखान्यात येऊन पडले. अविवाहित, ख्रिस्ती, त्यातून मांसाहारी! गावात घर कोण देणार? मग एका गॅरेजमध्ये बिऱ्हाड मांडलं. सुटकेसाठी सरकारकडे राजीनाम्यांचा धोशा लावला. शेवटी सुटका झाली, सामानही बांधून झालं.

शेजारीच खेडा जिल्ह्याच्या शेतकऱ्यांचा दूध संघ होता. व्यापारी दुधाला भाव देईनात म्हणून १९४६ साली शेतकऱ्यांनी दूध घालणंच बंद केलं होतं, त्यातून तो उभा राहिला. अध्यक्ष त्रिभुवनदास पटेल म्हणाले, यंत्रं नीट चालू होईपर्यंत तरी थांबा. ते थांबले ते जन्मभर.

१९५३ साली लग्न होऊन पत्नी मॉली आल्या. मुंबई-मद्रास सोडून धुळीच्या गावात संसार थाटायचा, हे आपल्यालाच कळेल! जवळजवळ साठ वर्षांची साथ झाली. २०१२च्या सप्टेंबरात ते गेले आणि डिसेंबरात त्याही.

आपल्या कोल्हापूरकडच्या बायकांनी एक गोष्ट मात्र नीट समजून घ्यावी. हिवाळ्यात म्हशी भरपूर दूध देतात, उन्हाळ्यात आटतात. जास्तीच्या दुधाचं करायचं काय? पावडर. पण म्हशीच्या दुधाची पावडर होतच नाही, असं परदेशी तज्ज्ञ ठासून सांगत. कुरियन यांचे अमेरिकेतले मित्र एच. एम. दलाया यांनी ती करून दाखवली. १९५५ साली पंडित नेहरूंच्या हस्ते आणंदच्या कारखान्याचं उद्घाटन झालं. हिवाळ्यात ‘दूध नको’ म्हणून किटली परत पाठवायची पाळी टळली, ती अशी. पुढं ‘अमूल’ हे नाव घरोघरी गेलं.

१९६३ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तोही त्रिभुवनदास आणि मुंबईच्या दूध योजनेचे दारा खुरोडी यांच्याबरोबर. त्याच साली आपला कोल्हापूर जिल्हा दूध संघ, म्हणजे ‘गोकुळ’, स्थापन झाला. १९७०पासून ‘दुधाचा महापूर’ योजनेनं आणंदची पद्धत देशभर नेली.

‘मंथन’ सिनेमा आठवतो ना? गुजरातच्या पाच लाख शेतकऱ्यांनी दोन-दोन रुपये घालून १९७६ साली तो काढला. आपली स्मिता पाटील त्यात होती, पटकथा विजय तेंडुलकरांची.

माणूस हेकट होता, तोंडाचा फटकळही. २००६ साली गुजरातच्या दूध महासंघाचं अध्यक्षपद त्यांना मतभेदांमुळं सोडावं लागलं, आणि ज्या अमृता पटेलांना त्यांनीच राष्ट्रीय दुग्ध विकास मंडळाची धुरा सोपवली, त्यांच्याशीही पुढं पटलं नाही. आणि हो, देशाला दूध पाजणारा हा गृहस्थ स्वतः दूध पीत नसे!

हे सगळं त्या मुलीला सांगितलं. ती म्हणाली, “बाई, वैरण-पाणी, शेण, धार सगळं आई करते. पण संस्थेत सभासद म्हणून नाव बाबांचं आहे.”

मी विचारलं, “आणि बिल कोण आणतं?”

“बाबाच. आई घरी आल्यावर चिठ्ठीवरची फॅट तेवढी वाचून घेते माझ्याकडून.”

दुसऱ्या दिवशी मी तिच्या आईला गाठलं. सभासद व्हायला काय कागद लागतात, ते संस्थेत विचारायला आम्ही दोघी शनिवारी जाणार आहोत.