तपकिरी जोड्याचा रंग

जोड्यांसारखा विषय नभोवाणीवरील भाषणास योग्य कीं अयोग्य, असा विचार आपणांपैकीं कित्येकांच्या मनांत आला असेल. जोडे उंबरठ्याबाहेर काढून ठेवण्याची आपली चाल आहे, आणि त्यांविषयींचें ज्ञानही आपण बहुधा तेथेंच ठेवून घरांत येतों. मीही त्यांतलाच. शाळेंत सारी हयात मुलांना शास्त्रविषय शिकविण्यांत गेली. परंतु चामड्याचा रंग कशानें टिकतो आणि कशानें बिघडतो, हें मला सेवानिवृत्तीनंतर, एका फजितीच्या पायीं कळलें.

निरोपसमारंभाच्या दिवशीं माझ्या जुन्या विद्यार्थ्यांनीं आपसांत वर्गणी काढून मला उंची चामड्याचे तपकिरी बूट दिले. तसले बूट मीं आयुष्यांत कधीं घातले नव्हते. पुढें श्रावणांत एके दिवशीं यवतमाळच्या पावसानें ते चिंब भिजले. रात्रीं मीं ते अंगणांतल्या लोखंडी जाळीवर पालथे घालून ठेवले. सकाळीं पाहतों तों दोन्ही चवड्यांवर जाळीचे काळे पट्टे उमटलेले! साबण लावून घासले, तर पट्टे जसेच्या तसे आणि भोंवतालचा रंग मात्र फिका. ज्यांनीं बूट दिले ते विद्यार्थी रस्त्यांत भेटत, आणि नमस्कार करतां करतां त्यांची नजर माझ्या पायांकडे जाई. मी जुन्या वहाणा घालूनच फिरूं लागलों.

शेवटीं बाजाराच्या कोपऱ्यावर बसणाऱ्या मोच्याकडे गेलों. हाही माझाच विद्यार्थी. घरच्या अडचणीमुळें त्यानें सातवींतच शाळा सोडली होती. बूट हातांत घेऊन तो म्हणाला, “गुरुजी, ओले असतां लोखंडाला लागले होते ना? ही शाई आहे. तुम्हीच वर्गांत हिरड्याच्या काढ्यांत हिराकस टाकून करून दाखविली होती, तीच.” मी निरुत्तर झालों. जो प्रयोग मीं वर्षानुवर्षें टेबलावर करून दाखविला, तोच माझ्या पायांत झाला असतां मला ओळखतां आला नाहीं.

तो प्रकार असा. जनावराचें कच्चें कातडें ओलें राहिलें तर कुजतें. बाभळीची साल, हिरडा यांमध्यें टॅनिन नांवाचें तुरट द्रव्य असतें. तें कातड्याच्या तंतूंना घट्ट धरून बसतें, आणि मग त्यास चामडें म्हणावयाचें. यालाच कातडें कमावणें म्हणतात. या टॅनिनाची लोखंडाशीं ओलाव्यांत गांठ पडली कीं काळेंनिळें संयुग तयार होतें. जुन्या दौतींतली शाई ती हीच. कोल्हापुरी वहाणांचें चामडेंही परंपरेनें बाभळीची साल व हिरडा यांनींच कमावतात; आणि त्या शिवतांना लोखंडी खिळा न वापरतां चामड्याचीच वादी वापरतात, ही गोष्ट मला आतां विशेष अर्थपूर्ण वाटते. या वहाणांना 2019 सालीं महाराष्ट्रांतील व कर्नाटकांतील प्रत्येकीं चार जिल्ह्यांकरितां भौगोलिक मानांकन मिळालें. आणि 2025 च्या जूनमध्यें मिलान येथें एका इटालियन पेढीनें तशाच घाटाचीं पादत्राणें मांडलीं, तेव्हां इकडे मोठा गवगवा झाला. गवगवा करणाऱ्यांपैकीं आपल्या वहाणेला तेलाचा हात लावणारे किती, हें विचारण्याचा मोह मला आवरावा लागला.

मोच्यानें लिंबाचा रस चौपट पाण्यांत मिसळला, बुटाच्या जिभेच्या आंतल्या बाजूस थेंबभर लावून रंग उतरत नाहीं ना हें पाहिलें, आणि मग कापसाच्या बोळ्यानें पट्टे टिपले. लिंबांतील आम्ल लोहास आपल्याकडे ओढून घेतें, त्यामुळें काळेपणा उतरतो. नंतर ओल्या फडक्यानें रस पुसून टाकला, कारण आम्ल चामड्यांत राहूं देणेंही बरें नव्हे. पट्टे बरेच गेले. डाव्या चवड्यावर एक फिकट रेघ राहिली ती आजही आहे.

बाजारांतील बहुतेक चकचकीत बूट मात्र क्रोमियमच्या क्षारांनीं कमावलेले असतात. ही रीत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत पुढें आली. तें चामडें मूळचें निळसर असतें, त्यावर रंग चढवितात. लोखंडाचें भय त्यास फारसें नाहीं, उन्हाचें आहे. आमच्याकडे वैशाखांत पारा 44-45 अंशांवर जातो. खिडकींत ठेवलेल्या बुटाची उन्हाकडील बाजू विटते आणि जोडीचे दोन बूट दोन रंगांचे दिसूं लागतात. भिजलेला बूट तर उन्हांत किंवा चुलीपाशीं कधींच ठेवूं नये. ओल्या चामड्यास आंच लागली कीं तें आखडतें, आणि मग कोणताही मलम त्यास पूर्ववत् करीत नाहीं. आंत जुनीं वर्तमानपत्रें कोंबावीं, तीं ओलीं झालीं कीं बदलावीं, आणि बूट सावलींत वाऱ्यावर ठेवावा.

आमच्या काळ्या मातीची धूळ फार बारीक. ती शिवणींत बसते व चामड्यांतील स्निग्धता शोषून घेते. म्हणून आधीं कोरड्या ब्रशानें झाडणें, मग पाण्यांत बुडवून घट्ट पिळलेल्या फडक्यानें पुसणें. धुळीवरच पॉलिश चोळणें म्हणजे वाळूनें घासणेंच होय. पॉलिशही दोन जातींचें असतें. क्रीम आंत मुरतें, चामडें मऊ ठेवतें व रंग थोडाबहुत परत देतें. मेणाचें पॉलिश वरच राहतें व चकाकी देतें. पाय वांकतो त्या घडीवर मेणाचे थर चढविले तर त्यांस भेगा पडतात, यास्तव तें चवडा व टांच यांपुरतेंच बरें. क्रीम बुटाच्या रंगाहून किंचित् फिकें निवडावें. गडद लावलें तर मागें येतां येत नाहीं. बोटभर फडक्यावर वाटाण्याएवढें पुरतें.

आमच्या घरीं वडीलधाऱ्यांनीं जवसाचें तेल सुचविलें होतें. वऱ्हाडांत जवस मुबलक, म्हणून सल्लाही मुबलक! पण हें तेल हवेंत वाळून कडक होतें. रंगारी तें याच गुणाकरितां वापरतात. चामड्यावर तें नको.

एकच जोड रोज घालूं नये. पायाचा घाम चामड्यांत मुरतो व तो सुकण्यास एक दिवस जातो. पावसाळ्यांत प्लॅस्टिकच्या पिशवींत बांधून ठेवलेल्या बुटांवर बुरशी धरते. त्यांस कापडाची पिशवी द्यावी व आठवड्यांतून एकदां बाहेर काढावें. बुरशी दिसलीच तर घरांत झटकूं नये, अंगणांत नेऊन ब्रशानें काढावी आणि बूट सावलींत पुरता सुकल्यावरच क्रीम लावावें. माझ्या बुटांकरितां मोच्यानें जुने लाकडी फरमे दिले आहेत. पैसे घेईना, तेव्हां त्याच्या मुलीस मी हल्लीं संध्याकाळीं गणित शिकवितों.