संगणकाची नवी प्रणाली : केव्हा स्वीकारावी, केव्हा थांबावे

मुंबई-नाशिक महामार्गाने ठाण्याहून भिवंडीकडे येताना मानकोलीचा नाका लागतो. एके काळी भातशेतीसाठी ओळखल्या जाणाऱ्या या परिसरात मानकोली, दापोडे, वळ, पूर्णा, राहनाळ, काल्हेर अशा गावागावांतून आज गोदामांच्या रांगा उभ्या आहेत. उल्हास नदीवरील मोटागाव-मानकोली पूल २०२४ मध्ये वाहतुकीस खुला झाला आणि पलीकडच्या तीरावरील डोंबिवलीही हाकेच्या अंतरावर आली. जवाहरलाल नेहरू बंदरात उतरलेला माल या पट्ट्यात येतो, साठविला जातो व पुन्हा मार्गस्थ होतो. गोदामाच्या फाटकाशी एक संगणक असतो. मालाचे ई-वे बिल तयार होऊन त्यात गाडीचा क्रमांक भरला जाईपर्यंत भरलेली मालमोटार तेथेच उभी राहते.

याच परिसरातील ग्रामपंचायत कार्यालयांतही संगणक आहे. २०११ मध्ये 'संग्राम' प्रकल्पाद्वारे तो गावोगावी पोहोचला आणि पुढे आपले सरकार सेवा केंद्राच्या रूपाने कार्यालयाचा अविभाज्य भाग बनला. गोदामातील संगणक आणि पंचायतीचा संगणक यांची कामे निराळी असली, तरी दोहोंच्या पडद्यावर अलीकडे एकच सूचना उमटू लागली : या संगणकाची प्रणाली जुनी झाली आहे, नवी बसवावी काय? त्या वेळी खुर्चीवर जो बसलेला असेल तो घाईत एखादे बटण दाबतो. 'होय' म्हटले तर दुपारपर्यंत काम थांबते, 'नंतर' म्हटले तर सूचना नाहीशी होते व आठवड्याने पुन्हा येते. वस्तुतः ज्या यंत्रावर गावाची करआकारणी नोंदवही आहे आणि ज्यावरून वित्त आयोगाच्या निधीची देयके अदा होतात, त्याविषयीचा हा निर्णय सरपंच व ग्रामपंचायत अधिकारी यांनी विचारपूर्वक घेण्याजोगा आहे.

दुरुस्ती निराळी, स्थित्यंतर निराळे

संगणकाचे यंत्र आणि त्यावर चालणारे कार्यक्रम यांच्यामध्ये दुवा म्हणून काम करणाऱ्या मूळ व्यवस्थेला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. कळफलकावर दाबलेले अक्षर पडद्यावर उमटणे, कागद छापला जाणे, फाईल जतन होणे ही सर्व कामे तिच्यामार्फत होतात. शासकीय व खाजगी कार्यालयांत बहुतांशी मायक्रोसॉफ्ट कंपनीची विंडोज ही प्रणाली वापरली जाते.

या प्रणालीत होणारे बदल दोन प्रकारचे असतात आणि त्यांची गल्लत झाल्यामुळेच बराचसा घोटाळा होतो. पहिला प्रकार मासिक दुरुस्तीचा. प्रणालीत सापडलेली भगदाडे बुजविण्यासाठी कंपनी दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सुधारणा प्रसृत करते. भारतात त्या मंगळवारी रात्री वा बुधवारी सकाळी दिसू लागतात. घराच्या कौलांची डागडुजी व्हावी तसा हा प्रकार होय. दुसरा प्रकार संपूर्ण नव्या आवृत्तीचा, उदाहरणार्थ विंडोज १० वरून विंडोज ११ वर जाण्याचा. यात कौलेच नव्हे तर वासेही बदलतात. पहिल्या प्रकारात चालढकल करू नये. दुसऱ्या प्रकारात मात्र विचार करावयास जागा आहे, आणि वेळही आहे. तो वेळ किती, हे एका तारखेवर अवलंबून असते.

प्रत्येक आवृत्तीला आयुर्मर्यादा असते. विंडोज एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपुष्टात आला. त्या दिवशी संगणक बंद पडत नाही, आणि लोकांची फसगत होते ती येथेच. यंत्र पूर्वीप्रमाणेच चालत राहते, मात्र मासिक दुरुस्ती येणे थांबते. नवे भगदाड सापडले की ते जगाला कळते, पण बुजविणारा कोणी उरत नाही.

बंदरातील तो दिवस

मानकोलीच्या परिसराला या प्रश्नाची झळ किती जवळून लागू शकते, हे २०१७ साली दिसले. त्या वर्षी १४ मार्च रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोजमधील एका गंभीर दोषावरील दुरुस्ती प्रसृत केली. अनेकांनी ती बसविली नाही. त्याच दोषाचा लाभ उठवून १२ मे रोजी 'वॉनाक्राय' या खंडणीखोर प्रोग्रामने दीडशेहून अधिक देशांतील संगणक कुलूपबंद केले. इंग्लंडमधील रुग्णालयांच्या शस्त्रक्रिया रद्द झाल्या, आंध्र प्रदेश पोलिसांचे काही संगणकही सापडले. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. बाधित यंत्रांपैकी बहुसंख्य यंत्रांवर विंडोज ७ होती, आणि तिचा आधार त्या वेळी संपलेला नव्हता. औषध उपलब्ध होते, ते घेतले गेले नव्हते.

लगेच पुढच्या महिन्यात, २७ जूनला, 'नॉटपेट्या' हा दुसरा प्रोग्राम पसरला. मर्स्क या जगड्व्याळ जहाज कंपनीचे संगणक त्याने निकामी केले आणि जवाहरलाल नेहरू बंदरातील तिच्या समूहाच्या टर्मिनलचे काम विस्कळीत झाले. कंटेनर कोणता, कोणाचा, कोठे जावयाचा, हे सांगणारी व्यवस्थाच नाहीशी झाली की भले मोठे यार्डही मुके होते. कंपनीला पुढे सुमारे ४,००० सर्व्हर व ४५,००० संगणक नव्याने उभारावे लागले, असे तिच्या अध्यक्षांनीच २०१८ च्या प्रारंभी जाहीरपणे सांगितले.

मात्र या प्रकरणाला दुसरीही बाजू आहे. नॉटपेट्याचा शिरकाव झाला तो युक्रेनमधील एका लेखा-कार्यक्रमाच्या अपडेटमधूनच. आणि एकदा आत शिरल्यावर त्याने चोरलेल्या परवलीच्या शब्दांच्या आधारे दुरुस्ती केलेली यंत्रेही गाठली. म्हणजे अपडेट केले की निर्धास्त झालो, असेही नाही.

घाईचीही किंमत असते

नवी आवृत्ती आली त्याच दिवशी ती बसविणाऱ्यांनाही फटके बसले आहेत. २ ऑक्टोबर २०१८ रोजी आलेल्या विंडोज १० च्या सुधारित आवृत्तीने काही वापरकर्त्यांच्या फाईलीच पुसून टाकल्या. चारच दिवसांत कंपनीला ती मागे घ्यावी लागली व नोव्हेंबरच्या मध्यास ती पुन्हा प्रसृत झाली. ज्यांनी सहा आठवडे वाट पाहिली त्यांचे काहीच बिघडले नाही. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटमुळे जगभरातील सुमारे ८५ लाख संगणक ठप्प झाले. देशातील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्यात आले. तो दोष विंडोजचा नव्हता, परंतु सर्व यंत्रांवर एकाच वेळी बदल करण्यातील धोका त्यातून स्पष्ट झाला. ज्या कार्यालयात चार संगणक आहेत तेथे प्रथम एकच बदलून पाहावा, एवढी सावधगिरी कोणालाही परवडते. जेथे एकच आहे तेथे शेजारच्या पंचायतीचा अनुभव विचारावा.

यंत्राला काय काय जोडलेले आहे

निर्णयाची खरी गुरुकिल्ली संगणकाच्या पेटीत सापडत नाही. त्या पेटीला काय जोडले आहे आणि तिच्यावर कोणते जुने कार्यक्रम चालतात, यात ती असते. ई-वे बिल, ई-ग्रामस्वराज, जन्म-मृत्यू नोंदणी, शाळांचे यू-डायस ही कामे संकेतस्थळांवर होतात. त्यांना प्रणाली जुनी की नवी याचे फारसे सोयरसुतक नसते. अडते ते अन्यत्र.

पहिली अडचण डिजिटल स्वाक्षरीची. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतील देयके सरपंच व ग्रामपंचायत अधिकारी यांच्या डिजिटल स्वाक्षरीखेरीज पुढे सरकत नाहीत. ही स्वाक्षरी ज्या लहानशा यूएसबी साधनात असते, त्याला चालविणारा स्वतंत्र प्रोग्राम संगणकात लागतो. प्रणाली बदलल्यावर हा प्रोग्राम चालेनासा झाला, तर गटाराचे काम पूर्ण करून बसलेल्या ठेकेदाराचे देयक विनाकारण अडून राहते. म्हणून नव्या प्रणालीसाठीचा प्रोग्राम साधन पुरविणाऱ्याकडून आधी मिळवून ठेवावा.

दुसरी अडचण जुन्या लेखा-कार्यक्रमांची. भिवंडीच्या यंत्रमाग व वाहतूक व्यवसायात काय, किंवा पतसंस्थांत काय, डॉसच्या काळात लिहिलेले हिशेबाचे कार्यक्रम काही ठिकाणी अद्याप वापरात आहेत. ३२-बिट विंडोज १० वर ते कसेबसे चालत. विंडोज ११ ची ३२-बिट आवृत्तीच निघालेली नाही, त्यामुळे तेथे ते थेट चालत नाहीत. शिवाय ३२-बिट प्रणालीवरून थेट वर चढता येत नाही, सर्व पुसून नव्याने मांडणी करावी लागते. अशा संस्थेने आधी हिशेब नव्या कार्यक्रमात आणावेत, मग प्रणालीकडे पाहावे. उलट क्रम धरल्यास वीस वर्षांच्या खातेवह्या कपाटात असूनही वाचता येणार नाहीत.

तिसरी अडचण आपल्या मराठीची. युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वीचे ठराव, नोटिसा व याद्या श्री-लिपी, कृतिदेव किंवा आयएसएमच्या सुरेख अशा टंकांत आहेत. नव्याने मांडलेल्या संगणकावर तो टंक नसेल तर ग्रामसभेचा ठराव इंग्रजी अक्षरांच्या निरर्थक जंजाळासारखा दिसतो आणि फाईल बिघडली असे समजून ती काढून टाकली जाते. फाईल शाबूत असते, हरवलेला असतो तो टंक. युनिकोडमधील मजकुराला हे भय नाही. विंडोज ११ च्या नव्या मांडणीत 'मंगल' टंक मुळात नसतो, तो ऐच्छिक भागांतून घ्यावा लागतो. परंतु तो नसला तरी मजकूर दुसऱ्या टंकात वाचता येतो, फार तर ओळी व पाने मागेपुढे होतात. तेव्हा जुने महत्त्वाचे दप्तर युनिकोडमध्ये आणणे, निदान त्याची छापील प्रत वा पीडीएफ करून ठेवणे, हे काम स्थित्यंतरापूर्वीचे आहे.

किल्ली कोणाच्या नावावर

एका बाबीकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. विंडोज ११ ची मांडणी करताना मायक्रोसॉफ्टचे ऑनलाइन खाते मागितले जाते. २०२४ च्या आवृत्तीपासून, अशा खात्याने नव्याने मांडलेल्या संगणकातील साठा बहुधा आपोआप कूटबद्ध होतो आणि तो उघडण्याची ४८ अंकी किल्ली त्या खात्यात जमा होते. केंद्रचालकाने सोयीसाठी स्वतःचे खाजगी खाते वापरले, तर पंचायतीच्या दप्तराची किल्ली त्याच्या नावावर गेली असे समजावे. उद्या त्याचे कंत्राट संपले व संगणक दुरुस्तीस गेला, म्हणजे शोधाशोध सुरू होते. खाते कार्यालयाच्या नावाने असावे आणि तो अंक कागदावर लिहून, लखोट्यात बंद करून, मोजमाप पुस्तकांच्या कपाटात ठेवावा. उपाय जुन्या वळणाचा आहे, पण त्याहून खात्रीचा दुसरा नाही.

ज्या यंत्रांना नवी प्रणाली पेलत नाही

विंडोज ११ साठी किमान ४ जीबी मेमरी, ६४ जीबी साठा, टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था आणि ठरावीक पिढीचा प्रोसेसर (इंटेलच्या बाबतीत साधारणतः आठव्या पिढीपासूनचा) लागतो. २०१७ पूर्वी घेतलेले बहुतेक संगणक यात बसत नाहीत. आडमार्गाने प्रणाली चढवून देणारे दुकानदार आहेत; तथापि अशा यंत्राला पुढील सुधारणा मिळतील याची हमी कंपनी देत नाही. विनापरवाना प्रतीविषयी तर बोलावयासच नको.

मग चांगले चालणारे यंत्र भंगारात काढावे काय? तसे मुळीच नाही. विंडोज १० साठी वाढीव सुरक्षा-सुधारणांची योजना कंपनीने काढली. संस्थांसाठी ती पहिल्या वर्षी प्रतिसंगणक ६१ डॉलर, दरवर्षी दुप्पट, अशी कमाल तीन वर्षांची आहे. घरगुती वापरासाठीची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ अशी ठरविण्यात आली. तिसऱ्या वर्षाचा आकडा मांडून पाहिला की नवा संगणक घेण्याचा विचार सुचतो. योजना दम घेण्यासाठी आहे, मुक्कामासाठी नव्हे. शाळेतील प्रयोगशाळेच्या जुन्या संगणकांवर सी-डॅकने विकसित केलेली 'बॉस' किंवा तत्सम लिनक्स प्रणाली विनामूल्य बसविता येते, तिच्यावर मराठीत टंकलेखनही होते. आणि वजनकाट्याला जोडलेला संगणक, ज्याला इंटरनेटची गरजच नाही, तो जोडणी काढून जुन्याच प्रणालीवर ठेवण्यास हरकत नाही. मात्र कोणाचाही पेनड्राइव्ह त्यास लावू देऊ नये. चोर त्याही वाटेने येतो.

दिवस निवडताना

पंचायतीने हे काम मार्चमध्ये मुळीच करू नये. करवसुली व निधीचा खर्च यांची त्या महिन्यात घाई असते. गोदामांनी दिवाळीपूर्वीचे आठवडे टाळावेत. काम सुरू करण्याआधी संपूर्ण दप्तराची प्रत बाह्य साठ्यावर घ्यावी, आणि ती दुसऱ्या संगणकावर उघडते की नाही हे पाहावे. न उघडणारी प्रत ही प्रत नव्हे. विजेचा भरवसा नसेल तर यूपीएसची बॅटरी तपासावी, कारण अर्ध्यावर खंडित झालेली मांडणी सावरणे जिकिरीचे असते.

नवी प्रणाली जुनीवर चढविल्यानंतर मागे फिरण्यासाठी साधारणतः दहा दिवसांची सवलत असते. त्यानंतर जुनी प्रणाली आपोआप पुसली जाते. म्हणून पहिल्या दोन-तीन दिवसांतच नमुना ८ चा एक उतारा छापून पाहावा, डिजिटल स्वाक्षरीने एक व्यवहार करून पाहावा, जुन्या टंकातील एक ठराव उघडून पाहावा. दहाव्या दिवसाची तारीख कार्यालयातील दिनदर्शिकेवर आधीच लिहून ठेवावी.